दोन मिलिमीटर आणि गाळलेला परिच्छेद

परवा तू फोनवर फोटो पाठवलास. तुमच्या गॅरेजमधलं टेबल, त्यावर जुन्या क्वाडचं, म्हणजे त्या चार चाकांच्या मोटरसायकलचं, उघडलेलं इंजिन आणि शेजारी गोल कानस. खाली तू लिहिलं होतंस, की सिलिंडरचे पोर्ट घरीच कापणार आहेस, आणि आजोबांनीही कधीतरी केलं होतं ना, त्यांनी किती कापलं होतं ते आठवतं का. मला आकडा लगेच आठवला. दोन मिलिमीटर. पण नुसता आकडा कळवून भागणार नाही. मी एकदा एवढंच केलं होतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. तू किंवा तुझी बहीण मराठी वाचताना अडलात तर आईला विचारा.

तेव्हा आम्ही डोंबिवली पूर्वेला पहिल्या मजल्यावर राहत होतो. दोन खोल्या आणि रस्त्याकडची गॅलरी. आजोबा ठाण्याला एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होते. मी शाळेत इंग्रजी शिकवायची. तुमची आई तेव्हा लहान होती, रविवारी शेजारच्या काकूंकडे राहायची. आमच्याकडे एक टू-स्ट्रोक मोटरसायकल होती, कोपरीतल्या एका गृहस्थांकडून जुनी घेतलेली. सकाळी ती सुरू झाली की खालच्या दुकानातला वाणी खोकल्याचं नाटक करायचा.

माझी आई, म्हणजे तुमची पणजी, माझ्या भावाकडे ओतूरला राहायची. माळशेज घाट चढून गेलं की पलीकडे. तिला काचबिंदू झाला होता आणि तो उशिरा लक्षात आला होता. त्यात माणसाला कडेकडेने दिसेनासं होत जातं. गेलेली नजर परत येत नाही. डॉक्टरांनी भावाला स्पष्ट सांगितलं होतं, थेंब घालत राहा, पण फार आशा धरू नका. मी समोर बसले की आई मान थोडी हलवून मला नजरेत धरायची. "हां, आता सापडलीस," म्हणायची.

तिला दिसतंय तोवर जमेल तितक्या वेळा तिच्यासमोर जाऊन बसायचं, एवढंच माझ्या मनात होतं. एसटीने गेलं की जायला दुपार व्हायची आणि परतीची गाडी हुकली तर सोमवारची शाळा बुडायची. मोटरसायकलने मात्र पहाटे निघालं की एका रविवारात जाऊन येता यायचं. एकाआड एक रविवार आम्ही जात होतो.

अडचण घाटाची होती. कल्याण, मुरबाड, टोकावड्यापर्यंत गाडी आनंदात जायची. चढण सुरू झाली की तिचा सूर उतरायचा. तिसऱ्या वळणाला आजोबा मान न वळवता म्हणायचे, "अगं, उतर."

मी उतरायची. ते गाडी एकट्याने वर नेऊन पुढच्या वळणावर थांबायचे. मी पदर खोचून चालत जायची. तिथे पोचले की बसायचं, थोडं पुढे गेलं की पुन्हा उतरायचं. इंजिन तापलं की दोघांनी कठड्यावर बसून राहायचं. घाटात असा तास-दीड तास जायचा. तो मला आईच्या वाट्यातून गेल्यासारखा वाटायचा.

एका रविवारी मी चिडून म्हणाले, "तुमच्या गाडीला बायको जड होते आहे."

"गाडी काही बोलली नाही हं," ते म्हणाले. "तूच म्हणते आहेस."

पण ते बोलणं त्यांनी मनावर घेतलं. आठवड्याभरात कारखान्यातल्या एका सहकाऱ्याकडून ते एक इंग्रजी पुस्तक घेऊन आले, टू-स्ट्रोक इंजिनाची ताकद घरच्या घरी कशी वाढवायची याबद्दलचं. सात दिवसांच्या बोलीवर मिळालं होतं. आजोबांना ड्रॉइंग वाचता यायची, इंग्रजी आकडे आणि सूचना कळायच्या, पण पानंच्या पानं इंग्रजी वाचायचा त्यांना कंटाळा होता. पुस्तक माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "बाई, यातलं आमच्या उपयोगाचं तेवढं काढून द्या."

आता माझं शिक्षण असं झालेलं, की कुठलाही उतारा दिला की त्याचा एक तृतीयांश करायचा. प्रेसी रायटिंग. कॉलेजात मला त्यात नेहमी चांगले गुण मिळत, आणि शाळेतही मी मुलींना तेच शिकवत होते. पाल्हाळ गाळा, पुनरुक्ती गाळा, मुद्दा ठेवा. मी शंभर पानांच्या वहीत स्वच्छ अक्षरात, समास आखून, क्रमांक घालून सगळं मराठीत उतरवलं. पुस्तक वेळेआधी परत गेलं. वही बघून आजोबा खूश झाले. म्हणाले, "आमच्या साहेबांना दाखवायला हवी."

तुला हे ठाऊकच आहे, पण तुझ्या बहिणीसाठी सांगते. टू-स्ट्रोक इंजिनाच्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीला खिडक्या असतात. पिस्टन वर-खाली होताना त्या झाकतो आणि उघडतो. एकीतून ताजं मिश्रण आत येतं, दुसरीतून जळलेला धूर बाहेर जातो. धुराची खिडकी वरच्या बाजूने थोडी कापली की ती लवकर उघडते आणि इंजिन अधिक वेगाने फिरू शकतं. यालाच पोर्टिंग म्हणतात. कामाला कानस लागते, चिकाटी लागते, आणि कुठे थांबायचं ते कळावं लागतं.

एका शनिवारी सिलिंडर काढून गॅलरीत आला. बिडाचा, चांगलाच जड. आधी खिडक्यांचा नकाशा घ्यायचा होता. मी बटर पेपर मापाने कापून दिला. भरतकामाची नक्षी उतरवायला घरात तो असायचाच. आजोबांनी त्याची सुरळी करून आत बसवली आणि तेलकट अंगठ्याने दाबत फिरवली. बाहेर काढून उलगडली तर कागदावर सगळ्या खिडक्यांच्या कडा उमटल्या होत्या. मोठी खिडकी धुराची. तिच्या वर मी पट्टीने लाल रेघ मारली, बरोबर दोन मिलिमीटरवर. आकडा वहीतला, म्हणजे पुस्तकातला.

मग कानस सुरू झाली. दहा-बारा वेळा घासायचं, फुंकर मारायची, व्हर्निअरने माप घ्यायचं, पुन्हा घासायचं. खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर बिडाचा काळा कीस पडत होता. घरभर रॉकेलचा वास. शेजारच्या काकूंनी गॅलरीतून डोकावून विचारलं, "वहिनी, सकाळपासून नारळ खवताय की काय? वडी असली तर आमच्याकडेही पाठवा हो."

"वडी लोखंडाची आहे, काकू," आजोबा म्हणाले. "दात बघून घ्या."

रविवारी संध्याकाळी कागद पुन्हा आत बसवून पाहिला, तर खिडकी लाल रेघेला टेकली होती. शेवटी कडा बारीक पॉलिश पेपरने गोल केल्या. धार राहिली तर पिस्टनची रिंग तिच्यात अडकते. हे वहीत चौथ्या क्रमांकावर होतं. मी आत बोट फिरवून पाहिलं. कपाच्या कडेसारखं गुळगुळीत लागलं.

गाडी जोडून ते एकटेच कल्याण-शीळ रस्त्याला चक्कर मारून आले. तो चेहरा मला अजून दिसतो. केस मागे उडालेले, डोळ्यांत पाणी. "अगं, उडते! उडते ती!" जिन्यातून चढताना म्हणत होते.

पुढच्या रविवारी आम्ही निघालो. मुरबाडपर्यंत मी त्यांना घट्ट धरून बसले होते, इतकी ती पळत होती. घाट आला. पहिलं वळण घेताना वेग कमी झाला आणि एकाएकी इंजिनातला जीव गेला. नुसता भकभक आवाज, ओढ म्हणून नाही. आजोबांनी क्लच दाबून दाबून इंजिन वर आणायचा प्रयत्न केला, तर जळका वास यायला लागला. मी न सांगता उतरले. पूर्वी तिसऱ्या वळणाला उतरत होते, आता पहिल्याच. ते एकटे असतानाही ती धड चढेना. दोन तास झगडून आम्ही मागे फिरलो. पिशवीत आईसाठी घेतलेली मऊ बिस्किटं होती, ती घरी आणली.

"माझा हात चुकला," ते म्हणाले. त्यानंतर कितीतरी दिवस तेच. सिलिंडर पुन्हा काढला, नकाशा पुन्हा लावून पाहिला, व्हर्निअर पुन्हा लावलं. चूक सापडेना म्हणून जास्तच खचले. वीस वर्षं मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाचं काम केलेला माणूस, जेवताना स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत बसायचा. कापलेलं बीड परत लावता येत नाही. नवीन सिलिंडर सांगितला, तर दुकानदार म्हणाला, मागवावा लागेल. मग पावसाळा लागला, घाटात दरडी पडल्या, माझ्या शाळेच्या चाचणी परीक्षा आल्या. एसटीने मी एकदाच जाऊन आले. तेव्हा आईला मला नजरेत धरायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागला.

सप्टेंबरात मी ते पुस्तक पुन्हा मागवून घेतलं. का, ते मला नीट सांगता येणार नाही. बहुधा त्यांची चूक शोधून काढून त्यांना मोकळं करावं, असं वाटलं असेल. आकड्याच्या पानावर आले आणि थांबले. आकड्याखाली एक लांबलचक परिच्छेद होता आणि समासात माझ्याच बारीक पेन्सिलीची उभी रेघ. गाळायच्या मजकुराला मी अशी रेघ मारते. वरवर वाचून मला तो आधीच्याच मुद्द्याची पुनरुक्ती वाटला होता. सावकाश वाचला तेव्हा कळलं, की त्यातला अर्धाच भाग पुनरुक्ती होता.

ते कारखान्यातून आले, चहा झाला. मी म्हटलं, "अहो, चूक तुमच्या हाताची नाही. माझी आहे."

पुस्तक त्यांच्यापुढे उघडून ठेवलं. त्यांनी बोट ओळीखाली धरून स्वतःच वाचलं. बराच वेळ लागला. मी उभीच होते. मला वाटलं, आता रागावतील. रागवावं असंच वाटत होतं.

"म्हणजे," ते म्हणाले, "दोन म्हणजे दोनच निघाले होते ना?"

"दोनच."

"हात बरोबर होता?"

"अगदी बरोबर."

त्यांनी उजवा हात पुढे धरून पाहिला आणि मोठ्याने हसले. कितीतरी महिन्यांनी. "मग बाई, तुम्हाला शंभरपैकी किती द्यायचे?" मी रडायला लागले तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं, की मी गाडीसाठी रडत नव्हते. त्यांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "नवा सिलिंडर आला की त्याला कानस लावायची नाही. तिसऱ्या वळणाला उतरू. आईंकडे चालत का होईना, पोचू."

दिवाळीनंतर नवा सिलिंडर आला. आम्ही गेलो. तिसऱ्या वळणाला मी उतरले, ते पुढे जाऊन थांबले. ओतूरच्या गल्लीत शिरलो तेव्हा आई ओट्यावर बसलेली होती. आवाजाच्या दिशेने तोंड करून म्हणाली, "आलात का जावईबापू? गाडीचा घसा बरा झाला म्हणायचा." मी तिच्यासमोर बसले. तिने मान हलवून शोधलं, इकडे, तिकडे. मी तिचा हात माझ्या गालावर ठेवला.

"साडी कोणत्या रंगाची नेसलीस गं?" तिने विचारलं.

"हिरवी."

"पोपटी की गर्द?"

त्यानंतर ती होती तोवर प्रत्येक भेटीत तिने हा प्रश्न विचारला, आणि मी रंग नीट सांगत गेले. काठ, पदर, बुट्टे, सगळं. काही न गाळता.

आजोबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. घाटातला रस्ता रुंद झाला आहे, भाचा मला मोटारीतून नेतो आणि वळणं कधी संपतात ते कळतही नाही. मी खिडकीतून तिसरं वळण शोधत असते. त्या वेळी जो वेळ वाया जातो म्हणून मी धुसफुसत होते, तोच आता मागावासा वाटतो. धापा टाकत वळण चढायचं, आणि वर गाडी बंद करून, टाकीवर हात ठेवून ते उभे असायचे. मी दिसले की उगाच घड्याळ बघायचे.

कापलेला सिलिंडर माझ्या टेबलावर आहे. मी त्यात पेन्सिली ठेवते.

आता तो परिच्छेद. शब्द माझे आहेत, पण मजकूर पूर्ण आहे. धुराची खिडकी वर नेली की ताकद वाढते, पण ती फक्त वरच्या वेगात. खालच्या वेगातली ओढ तेवढीच कमी होते. गाडी एकट्याने सपाट रस्त्यावर पळवायची असेल तर कापावं. चढण असेल, ओझं असेल, किंवा मागे माणूस बसणार असेल, तर खिडकीची उंची होती तशीच ठेवावी, फक्त कडा गुळगुळीत कराव्या आणि थांबावं.

तुझ्या फोटोत क्वाडच्या मागच्या बाजूला एक निळी उशी दोरीने बांधलेली दिसते. तिच्यावर तुझी बहीण बसते का? कानस उचलण्याआधी मला तेवढं कळव.