मोगरा आणि निरांजन

आमच्या गल्लीतून ड्रेनेजच्या वासाची तक्रार गेली, तेव्हा चेंबरमध्ये सुगंधी औषध सोडलं गेलं. गल्लीभर मोगरा दरवळला. सगळे खूश. शेजारच्या काकू मात्र अंगणात चांदीचं निरांजन घासत पाहणीला आलेल्या इंजिनीअरबाईंना म्हणाल्या, “वास गेला, पण हे अजून काळं पडतंय हो.”

बाई निरांजन निरखत म्हणाल्या, “म्हणजे खालचा वायू तसाच आहे. तो पाइपही आतून खातोय. वायू होऊच न देणारं औषध घालू.”

आता गल्लीत मोगरा नाही आणि दुर्गंधीही नाही. निरांजन लख्ख असतं. घरातल्या अबोल्यावर मात्र माझा उपाय अजून गजराच होता. काल फुलवालीपाशी थबकलो, आणि रिकाम्या हातांनी घरी जाऊन बायकोला विचारलं, “तुला माझा नेमका कशाचा राग आलाय?”