पांढरा सदरा, पांढरी साडी

त्या मास्तरांचा मला आजही राग येतो. माणूस जाऊन कित्येक वर्षं झाली, तरी येतो.

खोताच्या वाडीत त्यांच्या घराच्या ओटीवर स्पॅनिशचा वर्ग चाले. फोर्टातल्या एका कापड निर्यात करणाऱ्या कंपनीला स्पॅनिश पत्रव्यवहारासाठी कारकून हवा होता आणि मास्तर सुचवतील त्यालाच ती घेणार होती. वडिलांचं गिरणीतलं काम सुटलं होतं. मला ती नोकरी हवीच होती. वर्गात चार मुलगे आणि मी.

मास्तरांचा नियम कडक: वर्गात मराठीचा शब्द काढायचा नाही. जो काढील त्याने दाराबाहेर उभं राहायचं. रस्त्यावरून ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ऐकू आलं की ते उठून खिडक्या लावत आणि मोर्चा मीच पाठवल्यासारखे माझ्याकडे बघत.

मुलगे मराठी घरांतले, पण इंग्रजी शाळांचा तोरा भारी. इंग्रजीत सगळंच ‘व्हाइट’. त्यामुळे स्पॅनिशमध्ये घर स्त्रीलिंगी म्हणून ‘कासा ब्लांका’ आणि पुस्तक पुल्लिंगी म्हणून ‘लिब्रो ब्लांको’, हे काही त्यांच्या डोक्यात शिरेना. मास्तर पट्टी आपटून आपटून दमले. शेवटी एका संध्याकाळी वाडीच्या तोंडाशी मीच म्हटलं, “अरे गाढवांनो, घरी पांढरा सदरा, पांढरी साडी म्हणता ना? तेच आहे हे. फक्त त्यांच्यात बाई कोण नि बाप्या कोण, तेवढं पाठ करा.”

आठवड्याभरात चौघेही घडाघडा बोलायला लागले. मास्तर स्वतःच्या शिकवण्यावर बेहद्द खूश. चौघांतल्या एकानेही खरं काय ते सांगितलं नाही. मख्खासारखे बसून राहिले मेले.

कंपनीकडे नाव गेलं ते त्यांच्यातल्याच एकाचं. वर्ग सुटल्यावर मी मागे थांबले आणि माझं काय चुकलं, ते नियमाप्रमाणे स्पॅनिशमध्येच विचारलं. बोलताना एकही चूक केली नाही.

मास्तरांनी सावकाश चष्मा पुसला आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, “पोरी, चुकलं काहीच नाही. पण बाईमाणसाला हाफिसात कोण ठेवणार? उद्या लग्न होऊन जाशील.”

“सर, मराठी बोललात,” मी म्हटलं. “दाराबाहेर उभे राहा.”

ते जागचे हलले नाहीत. बाहेर मलाच जावं लागलं.