गिझरपाशी मुक्काम

गिझर दुरुस्त करणाऱ्या कंपनीच्या सेवाकेंद्रात त्यांना सगळे मुक्कामकाका म्हणत. इतर मिस्त्री घरोघरी जाऊन येत. काका जिथे जात तिथे मुक्काम ठोकत. आजाऱ्याच्या उशाशी बसावे तसे ते गिझरखाली पालथ्या बादलीवर बसतात, असे सहकारी हसून सांगत, आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती.

ही सवय तरुणपणची. टाक्या बनवणाऱ्या एका कारखान्यात जोड तपासण्याचे काम त्यांच्याकडे होते. टाकीत दाबाने हवा भरायची, ती हौदात बुडवायची आणि बुडबुडा येतो का ते पाहत राहायचे. पहिल्या मिनिटाला येणारा बुडबुडा कुणालाही दिसतो; काकांची नेमणूक अकराव्या मिनिटाला येणाऱ्या बुडबुड्यासाठी होती. पुढे कारखाना बंद पडला. डोळ्यांना लागलेली शिस्त मात्र सुटली नाही.

अशा माणसाला कंपनीने वीस मिनिटांच्या चौकटीत कोंबले. एक छापील तक्ता निघाला. तो आखणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी गिझरखाली मान वर करून उभे राहण्याचे कष्ट घेतले असतील, असे मानायला जागा नव्हती. घरात पाऊल टाकल्यापासून वीस मिनिटांत ‘टाकी गळते’ या शब्दांपुढे ‘होय’ किंवा ‘नाही’ अशी खूण करायची. ‘होय’ असेल तर नवा गिझर, ‘नाही’ असेल तर ग्राहकाची सही आणि पुढचे घर. पाणी नेमके कुठून येते, कधी येते आणि का येते, यासाठी रकानाच ठेवलेला नव्हता. ज्याला रकाना नाही ते जगात नाही, अशी कार्यालयांची जुनी श्रद्धा असते.

इतरांची दिवसाला बारा घरे होत, काकांची चार. शेवटी साहेबांनी त्यांना बोलावून घेतले. साहेब वयाने काकांच्या मुलाएवढे, स्वभावाने वाईट नव्हते. पण त्यांच्याही डोक्यावर कुणीतरी होतेच. गुरुवारी मी तुमच्याबरोबर येतो, एक घर तरी वेळेत करून दाखवा, नाहीतर सोमवारपासून गोदामात बसावे लागेल, असे त्यांनी शक्य तितक्या हळू आवाजात सांगितले. गोदामात खोकी लावायची होती. पगार तोच राहणार होता. घरी बायकोने हे ऐकून आधी, बरे झाले, गुडघ्यांना आराम, असे म्हटले. मग नवऱ्याचा चेहरा पाहून ती म्हणाली, “नको असेल तर त्यांना सांगा ना. मला सांगून काय उपयोग?”

गुरुवारचे घर एका निवृत्त मास्तरीणबाईंचे होते. बाई एकट्याच राहत. स्वयंपाकघराला लागून अडगळीची छोटी खोली होती आणि तिच्या भिंतीवर गिझर टांगलेला होता. त्या खोलीला मोरी नव्हती, त्यामुळे पडलेला प्रत्येक थेंब फरशीच्या सांध्यांतून खालच्या शेजाऱ्यांच्या छतात मुरत होता. शेजारी रोज जिन्यात गाठून, आमच्याकडे काल पुन्हा पाऊस झाला, असे ऐकवत. आतापर्यंत चार मिस्त्री येऊन गेले होते. टाकी गळते असे ठरवून गेल्या वर्षी अख्खा गिझर बदलला होता, आणि नवाही गळू लागला होता.

बाईंनी दारातच हात पुढे केला. “खूण आधीच करून आणली असेल तर द्या तो कागद. सही करते, म्हणजे सगळ्यांचाच वेळ वाचेल.”

साहेब कसनुसे हसले. काकांनी मात्र विचारले की गळती नेमकी केव्हा होते. बाई म्हणाल्या, तेच तर कळत नाही, मिस्त्री आला की शहाण्या मुलासारखा गप्प बसतो आणि त्याची पाठ वळली की सुरू. मग आलेला मिस्त्री सर्वांत आधी काय करतो, हा काकांचा दुसरा प्रश्न. बटण बंद करतो, बाई म्हणाल्या. म्हणजे चौघांनीही गिझर पाहिला तो थंडच.

काकांनीही आधी बटण बंद केले, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. कोरड्या सुती फडक्याने त्यांनी एकेक जोड पुसला आणि त्यावर पांढरा खडू घासला. ओल कितीही सूक्ष्म असली तरी खडूचा रंग बदलतो. मग हात कोरडे करून त्यांनी गिझर सुरू केला आणि बादली पालथी घातली.

वीस मिनिटे झाली. सगळे जोड पांढरेशुभ्र होते. साहेबांनी घड्याळ पाहिले, बाईंकडे पाहिले आणि काकांच्या कानाशी वाकून म्हणाले, “काका, कुठेच ओल नाही. ‘नाही’वर खूण करा. वेळेत झालं असं मी लिहितो, विषय संपला.”

काकांनी पेन हातात घेतले. साहेब आपल्यावर उपकार करत आहेत हे त्यांना कळत होते. खूण केली की गोदाम टळणार होते, आणि बाईंच्या घरी पाचवा मिस्त्री खोटा ठरणार होता.

“साहेब, पाणी अजून कोमट आहे,” ते म्हणाले आणि पेन त्यांनी खिशाला लावले.

तेहतिसाव्या मिनिटाला, तापणारी दांडी जिथे बसवलेली असते त्या तळाच्या झाकणाच्या कडेला, नखाएवढा खडू करडा झाला. पाहता पाहता तिथे थेंब धरला. साहेबांचा चेहरा उजळला, म्हणजे ‘होय’. काकांचे डोळे मात्र थेंबावर नव्हतेच. थंड पाण्याच्या नळीवरच्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोटीकडे ते टक लावून पाहत होते. पाणी तापले की फुगते, आणि फुगलेले जास्तीचे पाणी त्या तोटीतून थेंबथेंब बाहेर पडावे लागते. तोटीवरचा खडू तसाच पांढरा होता. जिथे ओल हवी तिथे ती नव्हती.

त्यांनी बटण बंद केले, दोघांना खोलीबाहेर काढले आणि स्वयंपाकघरातला गरम पाण्याचा नळ सोडून दाब उतरवला. टाकी निवू दिली, मग व्हॉल्व्ह उतरवला. गिझर नवा असला तरी व्हॉल्व्ह जुनाच होता. बदलणाऱ्याने पाच मिनिटे वाचवली होती. तोटीत काहीतरी घट्ट ठासलेले होते. काकांनी तारेने ते बाहेर ओढले. खोडरबराचा गोल कापलेला तुकडा.

बाईंनी तो तुकडा हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाल्या, “तो मी बसवलाय.”

दोन वर्षांपूर्वी त्या तोटीतून थेंब पडत, शेजारी तक्रार घेऊन वर आले, आणि बाईंनी ब्लेडने खोडरबर कापून, वरून गोंद लावून भोक बुजवले. “इतका बेमालूम बसला होता, की माझं मलाच कौतुक वाटलं होतं.”

“काम सुबकच आहे, बाई,” काका गंभीरपणे म्हणाले. “पण तो थेंब पडायलाच हवा. तुम्ही त्याची वाट बंद केलीत म्हणून त्याने खालून काढली. असंच चाललं असतं तर एक दिवस टाकीच फुटली असती.”

मग नवा व्हॉल्व्ह आला, तळाच्या झाकणाला नवे वायसर आले, आणि तोटीपासून भिंतीतून थेट स्वयंपाकघरातल्या सिंकपर्यंत एक बारीक नळी गेली. त्यानंतर पुन्हा पुसणे, पुन्हा खडू, पुन्हा बटण. या खेपेला साहेबांनी न सांगता एक खोके ओढले आणि तेही काकांशेजारी बसले. बाईंनी दोघांना चहा दिला. तुम्हाला वर्गात बसवून ठेवायला मला काठी लागली नसती, असे त्या साहेबांना म्हणाल्या. तळ अखेरपर्यंत पांढरा राहिला आणि सिंकमध्ये बरोबर जिथे पडायला हवेत तिथे थेंब पडू लागले.

तक्ता भरताना साहेबांची पंचाईत झाली. टाकी गळत नव्हती, पण घरात पाणी गळत होते; दोन्ही चौकटी खोट्या ठरत होत्या. अखेर समासातल्या कोऱ्या जागेत त्यांनी बारीक अक्षरांत सगळी हकीकत लिहिली आणि शेवटी वेळ नोंदवली: दोन तास चाळीस मिनिटे.

तक्ता बदलला नाही. तक्ते सहसा बदलत नाहीत, माणसेच बदलली जातात. पण सोमवारी काकांना गोदामाची किल्ली मिळाली नाही. दोन-तीन मिस्त्री जाऊन आल्यावरही परत आलेल्या एकोणीस तक्रारींचा गठ्ठा साहेबांनी त्यांच्यापुढे ठेवला आणि सांगितले की यापुढे ही सगळी घरे तुमची. एकेका घराला लागेल तितका वेळ घ्या, वर काय सांगायचे ते मी पाहतो.

काकांनी चष्मा पुसला. सर्वांत वरच्या कागदावर लिहिले होते की गिझर फक्त रविवारी गळतो. तीन मिस्त्र्यांनी त्यावर ‘ग्राहकाचा भ्रम’ असा शेरा मारला होता. काकांनी फोन ओढून त्या घराचा क्रमांक फिरवला आणि पलीकडून आवाज येताच विचारले, “ताई, रविवारी तुमच्याकडे आंघोळीला माणसं किती असतात?”