विकायला काढलेल्या प्लॉटची मोजणी

दर दोन महिन्यांनी आम्ही लखनऊतल्या गोमती नगरच्या फ्लॅटमधून निघून बख्शी का तालाबच्या पुढे जातो, आमचा प्लॉट जागेवर आहे का ते पाहायला. प्लॉट कुठे जात नाही, मान्य. पण त्याच्या हद्दीच्या खुंट्या फिरायला जातात.

त्या रविवारी मात्र आम्ही तो विकायचा की नाही हे ठरवायला गेलो होतो. लेकीला लखनऊच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात सीट लागली होती, पण सिव्हिलची. पुण्याच्या खासगी कॉलेजात कॉम्प्युटर मिळत होतं, प्लॉट विकला तर. सरकारी सीट त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत पोर्टलवर पक्की केली नाही तर हातची जाणार होती.

बायकोने सतरंजी अंथरली, पोह्यांचा डबा उघडला. मी उभा राहिलो. समोर श्रोते म्हणून शेजारच्या प्लॉटवाल्या चाचांची म्हैस.

"सरकारी!" मी गरजलो. "फी पगारातून निघेल. इथे बंगला बांधू. मी व्हरांड्यात टोपी घालून बसेन."

"आणि पोरगी काय करेल? तुमच्या टोपीला प्लास्टर?" बायको म्हणाली. "कॉम्प्युटर सोडायचं का? शिवाय पुण्यात राहिली तर मराठी तरी बोलेल."

"मम्मी, मैं मराठी सब समझती हूँ," लेक लांबून म्हणाली.

"बघा, हेसुद्धा हिंदीत!"

हा मुद्दा माझ्या वर्मी लागला. मी दोन घास पोहे खाल्ले, विचार केला आणि जाहीर केलं, "विकू या!"

"विकू या काय?" बायको दचकली. तोवर तिला माझं पटलं होतं. "ती पुण्याला, आपण फ्लॅटमध्ये एकमेकांची तोंडं बघत! आणि इतकं करून नोकरी नाही लागली तर?"

मग मी पुण्याची बाजू इतकी रंगवली की ती पुन्हा पुण्याकडे वळली, आणि तिचं ऐकून मी सरकारीकडे. साडेचारला कोण कुठल्या बाजूचं, हे म्हशीलाही सांगता आलं नसतं.

"बाबा, चौड़ाई चालीस फुट थी ना? पीछे सैंतीस ही है."

लेक मागच्या कोपऱ्यात उकिडवी बसली होती. निघताना तिने घरातली टेप का घेतली, हे आम्ही विचारलंच नव्हतं.

शेजारच्या प्लॉटवरून चाचा म्हणाले, "बिटिया, खूँटी भैंस ने खिसका दी होगी."

"चाचा, भैंस ने? दोनों खूँटियाँ? बिल्कुल सीधी लाइन में?"

चाचा हसले आणि टेपचं दुसरं टोक धरायला गेले. खुंट्या पुन्हा जुन्या जागी ठोकून झाल्यावर लेक चिखलाच्या हातांनी आमच्याकडे आली. "पहले प्लॉट तो पूरा रखो, फिर बेचना."

तिने मोबाइलवर काहीतरी दाबलं. माझा फोन वाजला. ओटीपी. सरकारी सीट पक्की करायचा.

मी बायकोकडे पाहिलं. "सांगू?"

"विचारताय काय, सांगा. थांबा... नाही, सांगा."

मी सहा आकडे वाचले. कधी नव्हे तो माझा आवाज बारीक झाला.

परतताना ती मागच्या सीटवर मलिहाबादचा दसहरी आंबा चोखत होती. सरकारी सीट तिने स्वतःसाठी घेतली की आमचा प्लॉट वाचवायला, मला काही कळेना. शेवटी विचारलं.

"बाबा," ती म्हणाली, "अगली बार बड़ी टेप लाना. सामने वाला कोना भी गड़बड़ है."