मिरजेच्या बदल्यात लखनौ

ऑफिसात माझा मोबाइल टेबलाच्या खणात उघडाच असतो. साहेबांना ते ठाऊक आहे. "क्या भाई, दिन भर फेसबुक पर क्या देखते रहते हैं आप?" असं ते चारचौघांत विचारतात, आणि मी "कुछ नहीं सर" म्हणून खण ढकलतो. त्यांना वाटतं, टाइमपास. टाइमपास करायला मला ऑफिस सुटल्यावर लखनौच्या मानकनगरची अख्खी संध्याकाळ पडलेली असते की!

मी बघतो तो बदलीवाल्यांचा ग्रुप. रेल्वेत आपल्याच पदावरचा, आपल्या गावी नेमणूक असलेला आणि आपल्या शहरात यायला तयार असलेला माणूस मिळाला, तर दोघांची अदलाबदल होऊ शकते. म्युच्युअल म्हणतात तिला. सगळे आपापल्या ऑफिसातून, कामाच्या वेळातच जाहिरात टाकतात, आणि चांगली जाहिरात आपण चहा पिऊन येईपर्यंत दुसरा कोणी पळवतो. म्हणून खण उघडा. मिरजेत माझे अण्णा एकटे आहेत. खुब्याचं हाड मोडल्यापासून कसेबसे काठी टेकत दारापर्यंत येतात, लखनौला यायला तयार नाहीत, आणि फोनवर "मी ठणठणीत आहे" म्हणून थापा मारतात. त्या थापा ऐकल्या की मला या शहराचा, या खुर्चीचा, अगदी समोरच्या भिंतीचासुद्धा राग येतो.

गेल्या हिवाळ्यात साहेब मीटिंगला गेलेले असताना ती जाहिरात आली. मिरज ते लखनऊ. मी लगेच खालच्या नंबरावर फोन लावला. जाहिरात टाकणारा मूळचा लखनौचा, मिरजेत अडकलेला. त्याची अम्मा इथे वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत एकटी. आम्ही दोघांनी अर्ज केले आणि ते कुठल्या तरी टेबलावर जाऊन बसले. शेवटी त्यानेच मेसेज केला, "भाई साहब, जब तक ऑर्डर नहीं आता, आपके बाबूजी को मैं देख लिया करूँ? आप मेरी अम्मा को देख लीजिए।"

मग मी रविवारी अम्मांकडे जायला लागलो. आलमबागेतून त्यांची औषधं न्यायची, सिलिंडर बदलायचा, मटार सोलत त्यांच्या तक्रारी ऐकायच्या. "ऑर्डर कब आएगा, बेटा?" त्या विचारायच्या. "बस अम्मा, आने ही वाला है," मी सांगायचो. तिकडे तो अण्णांना दवाखान्यात न्यायचा, दाढी करून द्यायचा. सोमवारी ऑफिसात बसून आम्ही एकमेकांना फोटो पाठवायचो. अम्मा गच्चीवर उन्हात. अण्णा त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे, हसताना. अण्णांचं हिंदी यथातथाच, तरी दोघांचं छान जमलं होतं, आणि मला चक्क त्याचा हेवा वाटायचा.

उन्हाळ्यात अम्मा गेल्या. शेजाऱ्यांनी आधी मला फोन केला. तो मिरजेहून पोहोचेपर्यंत बर्फ आणण्यापासून सगळं मीच बघितलं, आणि तो आल्यावर खांदाही दिला. तेराव्याची जेवणं उरकल्यावर तो मला फाटकापर्यंत सोडायला आला.

"भाई साहब, अब लखनऊ आकर क्या करूँगा?" तो म्हणाला. "बच्चे भी वहीं पढ़ रहे हैं। अर्ज़ी वापस ले रहा हूँ। बुरा मत मानिएगा।"

बुरा? माझी मिरज तिथल्या तिथे हातातून गेली. पण आईला पोचवून आलेल्या माणसावर ओरडणार कसं? "नहीं नहीं, ठीक ही है," असं पुटपुटलो आणि घरी येईपर्यंत रागाने धुमसत राहिलो. त्याच्यावर, अम्मांवर, स्वतःवरही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातूनच अण्णांना फोन लावला. बदली होत नाही, म्हणून सांगितलं. मी म्हटलं, "अण्णा, ऐकू येतंय ना?"

"येतंय की," ते म्हणाले. "बरंच झालं म्हणायचं. तू आला असतास तर त्याला इथनं जावं लागलं असतं."