सुनेत्राताईंचे सहा दिवस

सुनेत्राताईंशी माझी ओळख भांडणातून झाली. मी एक्स-रे टेक्निशियन, त्या मेडिकल वॉर्डच्या इनचार्ज. पोर्टेबल मशीन घेऊन मी वीस मिनिटं उशिरा पोचलो आणि त्यांनी पेशंटसमोर मला मराठीत झाडलं. कुवेतमध्ये वरिष्ठांकडून इंग्रजीत, हिंदीत आणि अरबीत बोलणी खायची मला सवय होती, पण मराठीत खाल्ली ती पहिल्यांदाच. मी पुण्याचा, ऐकून घेणाऱ्यातला नव्हे. मीही दोन शब्द सुनावले. संध्याकाळी रिग्गईला, मी राहतो त्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये पाहतो तर बाई समोर उभ्या! राहायला त्या नेमक्या माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर.

"वीस मिनिटांचं वाईट वाटलं का बाबा?" त्या म्हणाल्या. "वाटू दे. वर ये, पिठलं केलंय."

तेव्हापासून नऊ वर्षं मी त्यांच्याकडे पिठलं खात आलो आणि बोलणीही.

बाई मूळच्या उदगीरच्या. नर्सिंग करून दोन हजार एक साली कुवेतला आल्या आणि इथेच राहिल्या. नवरा बाळासाहेब एका कंपनीत हिशेबनीस होते. मुलगी अक्षदा इथेच जन्मली, इथल्याच शाळेत शिकली आणि आईच्या मराठी प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं देत मोठी झाली. पुढे बाळासाहेबांची कंपनी गुंडाळली गेली. मुलीचं कॉलेज समोर उभं होतं. त्यांनी कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे तिथल्या कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज केला आणि तो मंजूर झाला. दोन हजार एकवीसच्या ऑक्टोबरात तिघंही विनिपेगला उतरले. चोवीस दिवसांनी नवरा आणि मुलगी तिथे राहिली, आणि ताई एकट्या परत रिग्गईला. घर चालायला एक पगार तरी पक्का हवा होता ना!

पण पीआर मिळाली म्हणजे झालं, असं नसतं. पाच वर्षांत सातशे तीस दिवस त्या देशात राहून दाखवावे लागतात. नाही भरले तर कार्डाचं नूतनीकरण अडतं, पीआर जायचीही पाळी येते, आणि पुन्हा रांगेच्या शेपटाला उभं राहावं लागतं. आमच्या हॉस्पिटलात अशा बऱ्याच जणी आहेत. पाय कुवेतमध्ये, जीव कॅनडात आणि वर्षाची सगळी रजा त्या दिवसांच्या भरतीला. ताईंची रजाही अशीच तिकडे जाऊ लागली.

त्याआधी ती सगळी उदगीरची असायची. उदगीरला त्यांची आई, चौऱ्याऐंशीची, धाकट्या भावाकडे. ताई सांगायच्या, "चाळीस दिवस आलेय म्हटलं की माय म्हणायची, चाळीस कशाचे? अडतीस म्हण. यायचा दिवस बॅगा उघडण्यात जातो, जायचा रडण्यात. ते धरायचे न्हाईत." सांगताना त्या हसायच्या. पण दोन हजार वीसच्या फेब्रुवारीनंतर त्या उदगीरला गेल्याच नव्हत्या. आधी करोना, मग कॅनडा. आई फोनवर म्हणायची, "तुझ्या त्या बर्फाच्या गावाला दिवस हायेत, मलाच न्हाईत." फोन ठेवल्यावर ताई उगाचच ओटा पुसत बसायच्या.

दिवसांचा हिशेब त्यांनी एका शाळकरी वहीत ठेवला होता. वॉर्डचं रजिस्टर आखावं तशी पानं आखलेली. दाखल तारीख, डिस्चार्ज तारीख, एकूण दिवस. मी चेष्टा करायचो, "ताई, विनिपेगमध्ये तुम्ही ॲडमिट होता की काय?" त्यावर त्या म्हणायच्या, "तू बेरीज तपास, शहाणपणा नको." मी बेरीज तपासायचो. सहा फेऱ्या, एकशे नव्वद दिवस. तीनदा तपासली, तिन्ही वेळा बरोबर. मला माझ्या बेरजेचा फार अभिमान आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

उरले पाचशे चाळीस. पाच वर्षं सव्वीसच्या ऑक्टोबरात संपणार. म्हणजे पंचवीसच्या अठ्ठावीस एप्रिलला, उशिरात उशिरा, ताईंचा पाय कॅनडात पडायलाच हवा होता, आणि पडल्यावर दीड वर्ष तो देश सोडायचा नव्हता. अगदी काठोकाठ हिशेब. असा काठावर का आणला, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं आणि मी ते तोंडावर बोललो. पण त्यांनी राजीनामा आधीच्या सप्टेंबरातच दिला होता. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायचा. प्रत्येक टेबलावर एकच उत्तर: "बुक्रा." बुक्रा म्हणजे उद्या. बदलीची नर्स येईना, सुटकेचं पत्र निघेना. तिकडून अक्षदा फोनवर ओरडायची, "आई, जस्ट लीव्ह!" जसं काही आई पिक्चर अर्धा सोडून उठणार होती.

जानेवारीत उदगीरला ताईंची आई न्हाणीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्यानंतर ती खाटेवरून नीट उठलीच नाही. भाऊ म्हणाला, "तायडे, जेवण कमी झालंय. येऊन जा एकदा." ताईंनी रजा मागितली. नोटिशीच्या काळात रजा नाही, असं उत्तर मिळालं.

सुटकेचं पत्र आलं ते चोवीस एप्रिल ही शेवटची ड्यूटी लावूनच. सत्तावीसचं तिकीट ताईंनी आधीच काढून ठेवलं होतं. अठ्ठावीस ही शेवटची तारीख, आणि विमान चुकलं-बिकलं तर म्हणून हाताशी एक दिवस. मधल्या दोन दिवसांत घर रिकामं करायचं, इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, रद्द करायचा. म्हणजे उदगीर नाही. आणि आता नाही तर दीड वर्ष नाही. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, अन्न सुटलेल्या बाईला दीड वर्ष थांब म्हणून कोण सांगणार!

मी चिडलो. "चार दिवस उशिरा जा. चार दिवसांसाठी कोण फासावर देतंय?"

"स्वानंद," त्या म्हणाल्या, "पेशंटला दहाऐवजी चौदा युनिट इन्सुलिन दिलं तर चार युनिटांनी काय होतंय म्हणशील का?"

या बाईशी वाद घालण्यात अर्थ नसतो. पण त्या रागावल्या नव्हत्या. त्या तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहत बसल्या. बाहेर धूळ इतकी उडत होती की समोरची बिल्डिंगही दिसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही शहरातल्या मिरकाब भागात रफीककडे गेलो. रफीक श्रीवर्धनचा. जुन्या इमारतीत तळमजल्यावर त्याचं टायपिंगचं दुकान आहे. इकामा असो, व्हिसा असो की बायकोला पाठवायचं मुखत्यारपत्र, अर्ध्या कोकणाचे कागद त्याच्या हाताखालून जातात. ताईंना इकाम्याचा फॉर्म भरायचा होता आणि पुढे कॅनडात दाखवायला प्रवासाच्या तारखांची यादी टाइप करून हवी होती. त्यांनी वही पुढे केली. रफीक चष्मा कपाळावर ढकलून एकेक ओळ वाचू लागला आणि पहिल्याच ओळीवर थांबला.

"सिस्टर, वीस ऑक्टोबरला तुम्ही उतरलात. तेरा नोव्हेंबरला निघालात. हे चोवीस कसे?"

"चोवीसच की," ताई म्हणाल्या. "आल्याचा दिवस धरायचा, गेल्याचा नाही."

"असं कोणी सांगितलं?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. कोणी म्हणजे? हे काय सांगायला लागतं! आमच्याकडे रात्री बाराला खाटा मोजतात. ज्या खाटेवर माणूस आहे तो दिवस धरला, संध्याकाळी घरी गेलेला पेशंट त्या दिवसात नाही. तीस वर्षं ताईंनी रोज तसंच मोजलं होतं, आणि मीही जगातला कुठलाही मुक्काम असाच मोजत आलो होतो.

"तेरा तारखेला सकाळी तुम्ही कुठं होता?" रफीकने विचारलं.

"विनिपेगला. दुपारी चारला विमान होतं."

"मग कॅनडातच होता ना? तो दिवस काय समुद्रात बुडाला?" त्याने कॉम्प्युटर आमच्याकडे वळवला. "माझ्या बहिणीचे, झुलेखाचे कागद मीच केलेत. दिवसाचा थोडा भाग जरी तिथं काढला तरी पुरा दिवस धरतात. बघा, सरकारचंच लिहिलेलं आहे. माझं नका ऐकू."

मी वाचलं. पुन्हा वाचलं. ताईंनी चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. सहा फेऱ्या. सहा जाण्याचे दिवस. एकशे नव्वद नव्हे, एकशे शहाण्णव. शेवटची तारीख अठ्ठावीस एप्रिल नव्हे, चार मे.

माझी बेरीज बरोबरच होती, हे मी तिथे बोलून दाखवलं. कुणी लक्ष दिलं नाही.

ताई आनंदाने उड्या मारतील असं मला वाटलं होतं. त्या खुर्चीवर बसल्या आणि रडल्या. रफीकच्या दुकानात, चार अनोळखी माणसांसमोर, तोंडाला ओढणी लावून. "चार वर्षं," त्या म्हणत होत्या, "चार वर्षं मी तिला म्हणतेय की माझ्याकडे दिवस नाहीत." रफीकने पाणी आणून दिलं आणि फॉर्मचे पैसे घ्यायला साफ नकार दिला. बाहेर आल्यावर ताई मलाच ओरडल्या, "आता उभा काय राहिलास? तिकीट बदल!"

तिकीट बदललं. सत्तावीसला कुवेतहून हैदराबाद, तिथून उदगीर गाडीने जवळ. तीन मेला पहाटे हैदराबादहून पुढे कॅनडा. हाताशी एक दिवस याही वेळी राखलेला, तो काही बाईंनी सोडला नाही. विमानतळावर त्यांच्या चार बॅगा आणि मी. चोवीस वर्षांचं कुवेत चार बॅगांत बसतं, हे पाहून मला भरून आलं आणि म्हणून मी वजनावरून काउंटरवरच्या माणसाशी भांडलो. जाताना ताईंनी पिठल्याची कढई माझ्याकडे दिली. मला पिठलं करता येत नाही, हे त्यांना माहीत आहे.

आठवड्याने विनिपेगहून फोन आला. पोचल्या होत्या. तीन तारखेलाच, रात्री. बाळासाहेबांनी खिचडी करून ठेवली होती, अक्षदा विमानतळावर गळ्यात पडून मराठीत रडली म्हणे. मी विचारलं, "आणि उदगीर?"

त्या एकेक वार मोजत सांगू लागल्या.

"सोमवारी दुपारी पोचले. मायनं ओळखलं. पहिलं काय म्हणाली असेल? वाळलीस गं! स्वतः नुसती हाडं राहिलीय, आणि मला म्हणते वाळलीस. मंगळवारी तिला मी न्हाऊ घातलं. तीस वर्षं लोकांच्या आईबापांना घातलं रे, माझ्या मायला पहिल्यांदा. बुधवारी माझ्या हातून अर्धी भाकरी खाल्ली तिनं, दुधात कुस्करून. भाऊ बघतच राहिला. गुरुवारी काही नाही केलं. बसले होते तिच्या खाटेवर."

"आणि शुक्रवारी?"

"शुक्रवारी संध्याकाळी पाचला गाडी यायची होती. मी बॅग भरत होते. ती म्हणाली, किती दिस राहिलीस गं? मी म्हटलं, तीन दिवस, माय. तिचाच नियम. यायचा धरायचा नाही, जायचा धरायचा नाही. मला वाटलं, आता म्हणेल, तीन दिसासाठी कशाला आलीस. तर म्हणाली, तीन कशाचे? पाच. सोमवारी जेवायला व्हतीस की नव्हं माझ्याजवळ? तो धर. आज बी गाडी यायची हाय अजून. आजचा बी धर, सोडू नको."

मी विचारलं, "तुम्ही तिला रफीकचं सांगितलं होतं का?"

"नाही रे. तिला काय कळणार त्यातलं?"

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग नेहमीचा इनचार्जचा आवाज परत आला. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी एक ओळ वाढवली होती, ती मला वाचून दाखवली आणि म्हणाल्या, बेरीज तपास.

"उदगीर. दाखल सोमवार. डिस्चार्ज शुक्रवार. एकूण दिवस पाच."

"बरोबर आहे," मी म्हणालो.