एकच ओळ पन्नासदा

बायकोलाही कधी सांगितलं नाही ते आज लिहितो: ट्रकचालकांच्या तक्रारी माझ्यामुळे कायमच्या नष्ट झाल्या, टेस्टिंगवाल्या ताईंमुळे नाही.

पावणे गावातल्या आमच्या लहानशा ऑफिसात न्हावा शेवा बंदरात गाड्या नेणाऱ्या चालकांसाठी वेबसाइट बनत होती. तक्रारींचा मजकूर कॉम्प्रेस करून साठवायचा, ही कल्पना माझी. एकच ओळ पन्नासदा चिकटवून मी ती तपासली. तेच तेच शब्द असले की मजकूर दाबून चिमूटभर होतो. त्या भरवशावर डेटाबेसमध्ये जागाही चिमूटभरच ठेवली.

ताई म्हणाल्या, "अरे, माणसं काय पोपट आहेत? खऱ्या तक्रारी टाकून बघ की."

"टेन्शन नका घेऊ ताई, बघितल्यात. तुम्ही टेस्टिंग झाल्याची सही करा."

बघितल्या नव्हत्या. त्यांनी माझ्या शब्दावर सही केली. खऱ्या तक्रारी तेवढ्या दबल्या नाहीत. जागेत न मावलेलं शेपूट गुपचूप कापलं गेलं, आणि दाबलेल्या मजकुराचं शेपूट तुटलं की तो पुन्हा उघडतच नाही. साहेबांनी ऑफिसातल्या मोठ्या टेबलापाशी सगळ्यांसमोर सही दाखवून ताईंना कामावरून काढलं. मी लॅपटॉपकडे बघत बसलो.

परवा साहेब नव्या लोकांना हसत म्हणाले, "टेस्टिंग कसं करू नये? आमच्या त्या बाईंसारखं."

बास. नोकरी गेली तर जाऊ दे, साहेबांना काय वाटायचं ते वाटू दे, हे मी आता ऐकून घेणार नाही. त्याच टेबलापाशी, ताईंना बोलावून, सगळ्यांसमोर "खोटं मी बोललो" असं सांगणं, हे मी अजून त्यांचं देणं लागतो.